पुलर देवात बसला

आपला मुलगा जावेने पळवला, असं मालन जगदाळेला चारचौघात म्हणता येण्यासारखं नव्हतं. कारण मुलाला तिच्याकडे पाठवलं होतं ते मालननेच, तेही हट्टाने.

नव्याण्णव साली नीलेश बारावीच्या गणितात दुसऱ्यांदा आपटला. मालन स्वतः बी.ए., इंदूरच्या कॉलेजात शिकलेली. नवरा रत्नाकर देवासच्या कारखान्यात सुपरवायझर. कॉलनीत कुणाचा मुलगा इंजिनिअरिंगच्या पीईटीला बसलेला, कुणाचा पुण्याला गेलेला, आणि आपला मात्र दिवसभर शेजाऱ्यांच्या स्कूटरी उघडून अंगणात पसरतोय. तिला वाटलं, याला जरा वंगणाची, उन्हाची धास्ती बसली पाहिजे. रत्नाकरचे थोरले भाऊ दत्ताजी यांचं धारला इंदूर रस्त्यावर गॅरेज होतं. दोन महिने काकांकडे हाल काढलेस म्हणजे पुस्तकं आपोआप गोड लागतील, असं म्हणून तिने त्याची लहानशी बॅग भरली. बॅग मुद्दामच लहान घेतली होती.

त्या गोष्टीला सहा वर्षं झाली. नीलेश धारलाच होता, आणि हाल तर त्याचे अजिबात झाले नव्हते.

दत्ताजींना मूलबाळ नव्हतं. त्यांची बायको भवानीबाई म्हणजे जुन्या दरबारी घराण्यातली. नेसणं, बोलणं, सणवार, सगळं तिच्या आजीच्या वेळचं राहिलेलं. मालनला ती इतक्या वर्षांतही ‘मालनबाई’ आणि ‘तुम्ही’च म्हणे. जगदाळ्यांकडे थोरल्या काकूला ‘मोठी आई’ म्हणायची रीत होती. नीलेश बोलायला लागला तेव्हा मालननेच त्याला तो शब्द शिकवला होता, तोंडात पेढा घालून. आता तोच शब्द तिला दाताखाली खडा यावा तसा लागायचा.

सुरुवातीला ती त्याला पत्रं लिहायची. छान मोठी, एकेका पानात भरपूर काळजी. सर्दी कशी आहे, रात्री पांघरूण घेतोस ना, त्या ट्रकवाल्यांच्या नादाला लागू नकोस. एकदा ती धारला गेली असताना कळलं, की पत्र आलं की भवानीबाई चष्मा लावून पायरीवर बसतात आणि नीलेश जेवता जेवता ऐकतो. शाळा हिंदीतली, मराठी अक्षर त्याला जुळवून जुळवून वाचावं लागे. म्हणजे आईची माया पोराच्या कानात जाणार ती जावेच्या आवाजात. त्या दिवसापासून मालनने पत्र लिहिणं सोडलं आणि घरी फोन घ्यायला लावला. मग एकदा फोनवर नीलेश म्हणाला, “ठेवतो आता, आई जेवायला थांबलीय.” त्याने ठेवला. ‘मोठी’ हा शब्द गळाला होता, आणि तो गळाल्याचं त्याला कळलंही नव्हतं.

रत्नाकरला हे सगळं सांगून उपयोग नसे. तो म्हणे, पोरगं सुखात आहे, आपल्याच घरात आहे, तुला अजून काय पाहिजे? मालनला काय पाहिजे ते तिला नीट माहीत होतं. तिला पोरगं परत पाहिजे होतं.

त्यासाठी तिने दोन हजार पाच सालचा दसरा नक्की केला. देवासला ए.बी. रोडच्या आतल्या बाजूला रत्नाकरच्या ओळखीतून एक गाळा मिळत होता. पुढे मोकळी जागा, मागे नळ. नीलेशचं स्वतःचं गॅरेज. दसऱ्याला सकाळी त्याच्या हातून तिथे नारळ फुटायचा, असं तिने ठरवून टाकलं आणि त्याला फोनवर कळवलं. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. “बघू ना, आई,” म्हणाला. मग विषय बदलून गाडीचं विचारलं.

गाडी म्हणजे रत्नाकरने आदल्या वर्षी घेतलेली छोटी पांढरी गाडी, सेकंडहँड, पण पॉवर स्टिअरिंगवाली. रत्नाकरचा उजवा खांदा आखडलेला, म्हणून नीलेशनेच ती शोधून दिली होती. अलीकडे ती वळताना चिरकायची. रत्नाकरने फोनवर तो आवाज तोंडाने काढून दाखवला, आणि नीलेशने तिकडूनच निदान केलं, की पंपाची पुली गेलीय. इंजिनाजवळ स्टिअरिंगचा एक पंप असतो, त्याला पुढून एक चाक, त्या चाकावरून पट्टा फिरतो. ते चाक डुगडुगतंय. “मी नवीन पुली इंदूरहून आणून ठेवतो. तुम्ही दसऱ्याला इकडे या, बसवून देतो. टेन्शन नका घेऊ.”

इकडे या, हे ऐकून मालनच्या अंगाचा तिळपापड झाला. पण पुढच्याच क्षणी तिला वाटलं, जाऊया. खंडेनवमीला सकाळी जाऊ, गाडी नीट करून घेऊ, आणि संध्याकाळी त्याला त्याच गाडीत घालून घेऊन येऊ. एकदा माझ्या दारात आला की बघते.

देवीच्या टेकडीवर जाणाऱ्या लोकांच्या रांगा चुकवत ते देवासहून निघाले. वळण आलं की गाडी किंचाळे आणि मालन जीव मुठीत धरे. घाटाबिल्लोद गेल्यावर आवाज बदलला, काहीतरी खडखडायला लागलं. लेबडपासून रत्नाकर दोन्ही हातांनी चाक ओढत होता आणि कपाळ शर्टाच्या बाहीला पुसत होता. धारच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा नीलेश हात पुसत बाहेर आला, बॉनेट उचललं आणि नुसती शीळ वाजवली. पुलीला केसासारखी चीर गेली होती. “आता ही हलवायची नाही,” तो म्हणाला. “याच पट्ट्यावर पाण्याचा पंप आहे. पुली फुटली तर पट्टा जाईल, आणि मग इंजिनच उकळेल.”

मालन म्हणाली, मग बदल ना लगेच, नवी आणलीयस ना.

नीलेशने आत बोट दाखवलं.

आत भवानीबाईंची खंडेनवमी मांडलेली होती. मालन ते विसरली नव्हती, तिला फक्त त्याची आठवण करायची नव्हती. सतरंजीवर लाल कापड, त्यावर दत्ताजींच्या वडिलांची तलवार, कोयता, अडकित्ता, आणि मग गॅरेजची सगळी हत्यारं. नट-बोल्टचे पाने लहानमोठ्या भावंडांसारखे ओळीने. प्रत्येकावर हळदकुंकवाची दोन बोटं. मधोमध, झेंडूच्या माळेत, पुलर. तीन पायांचा, मधे लांब आट्यांचा बोल्ट असलेला. असली पुली दांड्यावर घट्ट ठोकल्यासारखी बसलेली असते. हातोडीने मारून काढली तर आतला पंपच खिळखिळा होतो. पुलरचे पाय पुलीच्या मानेला पकडायचे, बोल्ट आवळत जायचा, आणि पुली इंचाइंचाने आपली आपण सुटून येते. तो दत्ताजींनी स्वतः लेथवर करून घेतला होता, आणि धारमध्ये तसा दुसरा चांगला नव्हता.

हत्यारं एकदा नवमीला देवात बसली की दसऱ्याची पूजा होईपर्यंत उठत नाहीत. गॅरेजच्या मोठ्या लोखंडी दाराला कालच कुलूप लागलं होतं. गावातल्या दुसऱ्या मिस्त्रींकडेही तेच, प्रत्येकाची पेटी कुठल्या ना कुठल्या देवापुढे.

जेवणं झाली. पुरणाची, कटाच्या आमटीची. नीलेश दोनदा भात घेऊन जेवला. भवानीबाईंनी त्याच्या ताटात मीठ वाढलंच नाही, ते मालनने पाहिलं. तो वरून मीठ कधीपासून घेत नाही, हे तिला माहीत नव्हतं. ऊन कलायला लागलं तसा तिचा जीव वरखाली व्हायला लागला. उद्या सकाळी तिकडे नारळ. गाळ्याचा मालक येणार, शेजारणी येणार, तिने सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

नीलेशने सरळ मार्ग काढला. “तुम्ही दोघं बसने निघा. उद्या पूजा झाली की मी पुली चढवतो आणि संध्याकाळपर्यंत गाडी घेऊन येतो.”

“आणि नारळ?”

“नारळ बाबा फोडतील की.”

रत्नाकरने मान डोलावलीसुद्धा. मालनने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा त्या झेंडूच्या माळेकडे, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “पुलर तर समोरच पडलाय. उचल आणि लाग कामाला.”

ओट्यावर दत्ताजी गुडघ्याला शेक घेत बसले होते. त्यांनी हात थांबवला. “देवात बसलाय तो, मालनबाई,” ते हळूच म्हणाले. “आज नाही उठत.”

“देव काय गॅरेज चालवतो का?”

असं ती कधी बोलत नसे. देवासला टेकडीवर नवरात्रात अनवाणी जाणारी बाई ती. बोलल्यावर तिलाच कानात घण वाजल्यासारखं झालं. रत्नाकर ‘अगं’ एवढंच म्हणाला. नीलेश पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिला, लहानपणी उकरायचा तसा.

भवानीबाई आतून आल्या. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही. पूजेपुढे बसल्या, डोकं टेकलं, काहीतरी पुटपुटल्या. मग माळ बाजूला करून पुलर दोन्ही हातांनी उचलला, त्यावरचं कुंकू पदराला पुसलं. मागोमाग तीन पाने निवडले, अंदाजाने नव्हे, बरोबर तेच. आणि ते सगळं नीलेशच्या हातात दिलं.

“घे. रात्र व्हायच्या आत आईला घरी ने.”

दत्ताजी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या घरात नवमीचं हत्यार कधी उठलं नव्हतं. मालन तर जिंकली होती. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि तरी तिला वाटलं, आपल्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. हिला मोठेपणा घ्यायची एक संधी कमी होती, ती मीच आणून दिली.

काम सुरू झालं. उजेड कमी व्हायला लागला होता, म्हणून टॉर्च लागला. मालन तो घ्यायला पुढे झाली, पण तो भवानीबाईंच्या हातात आधीच होता. नीलेश काही न बोलता आत वाकला, आणि तो जिथे बघेल तिथे उजेड. त्याने डोकं डावीकडे केलं की उजेड डावीकडे. पट्ट्याचा ताण सैल करताना खाली, पुलरचे पाय पुलीच्या मानेत अडकवताना वर. सहा वर्षं संध्याकाळी संध्याकाळी असा उजेड धरल्याशिवाय हे येत नाही. मालनने काहीतरी करायचं म्हणून हाताशी आलेला पाना पुढे केला. तो चुकीचा होता. नीलेशने तो घेतला, खाली ठेवला, आणि दुसरा स्वतः उचलला. चुकीचा आहे असं म्हणालाही नाही.

बोल्ट आवळत गेला. मोडकी पुली कुरकुरत सुटून त्याच्या तळहातावर आली. नवी त्याने ठोकली नाही. दांड्याच्या पोटात आटे होते, त्यात लांब बोल्ट घातला, नट फिरवत फिरवत तिला आत दाबत नेली. मधेच थांबून तो बोटाने चाचपून बघे, दांड्याचं टोक आणि पुलीचं तोंड एका पातळीत आलंय का. जरा जास्त आत गेली तर पट्टा तिरका चालतो आणि कडेने खाल्ला जातो, असं तो उजेडाकडे बघून सांगत होता. उजेडाकडे, म्हणजे भवानीबाईंकडे. त्या ‘हं’ म्हणत होत्या, रोजची गोष्ट असल्यासारख्या.

गाडी सुरू झाली. त्याने चाक इकडून तिकडे एका बोटाने फिरवून दाखवलं. आवाज नाही.

निघताना भवानीबाईंनी मालनला कुंकू लावलं आणि ओटी भरायला पदर पसरायला सांगितला. मालनने पसरला. त्यात तांदूळ पडले, नारळ पडला, आणि खणात गुंडाळलेलं काहीतरी जड पडलं. ती वाकलीच.

“पुलर आहे,” भवानीबाई म्हणाल्या. “उठवलाय तर उद्या तुमच्या देवात बसू द्या. मधेच रिकामा राहायला नको.”

गाडी नीलेश चालवत होता, रत्नाकर शेजारी, मालन मागे, मांडीवर ते लोखंडाचं ओझं. आधी तिला रडू आलं. बेटम्याच्या जवळपास ते आटलं आणि दुसरंच डोक्यात आलं. पुलर दिला, म्हणजे तो परत करायला जावं लागणार. परत करायला कोण जाणार? हाच. मग ती खूप वेळ विचार करत राहिली, की जावेने हे मनापासून केलं की हिशोबाने. काही ठरेना. शेवटी तिला एवढंच कळलं, की तिच्या जागी आपण असतो तर आपणही नेमकं हेच केलं असतं, आणि ते आपल्याला इतक्या पटकन सुचलं नसतं.

इंदूरचे दिवे दिसायला लागले तेव्हा नीलेश समोर बघतच म्हणाला, “आई, नारळ मी फोडतो उद्या. तुझ्या मैत्रिणींसमोर तुझी फजिती नाही करत. पण गाळा नको. काकांना आता खाली बसता येत नाही. सगळं मलाच बघावं लागतं.”

पुलरचा एक पाय मालनला मांडीत टोचत होता, तो तिने तसाच टोचू दिला.

दसऱ्याला नारळ फुटला. शेजारणींनी कौतुक केलं. गाळेवाल्याला रत्नाकरने बाजूला नेऊन काय ते सांगितलं. मालनच्या देवघरात पूजेला विळी होती, कात्री होती, रत्नाकरच्या बाबांची टाचण्या-मोजपट्टी ठेवायची जुनी पेटी होती, आणि त्या सगळ्यांत पुलर असा दिसत होता, जसा काही लग्नघरात आलेला पैलवान. संध्याकाळी नीलेशने सोनं दिलं, पाया पडला, पोटभर श्रीखंड खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून तो बॅग घेऊन देवघराच्या दारात आला. धारला एक गाडी उघडून पडलीय, गिऱ्हाईक खोळंबलंय, पुलर दे म्हणाला.

मालन समईची वात सारखी करत होती. वळली नाही. “आपल्याकडे कोजागिरीपर्यंत उठत नाही,” ती म्हणाली.

रत्नाकरने पेपरातून डोकं वर काढलं, बायकोकडे पाहिलं, आणि पुन्हा पेपरात घातलं.

“असं कधी होतं आपल्याकडे?” नीलेशने विचारलं.

“तू होतास कुठे बघायला?”

हे त्याला लागलं असावं. बॅग खाली ठेवून तो फोनकडे गेला. म्हणाला, मोठ्या आईला विचारतो, तिला सगळ्या रीती माहीत असतात. मालनने स्वयंपाकघरात जाऊन गॅस बारीक केला, म्हणजे कुकरचा आवाज मधे यायला नको. आता खोटं उघडं पडणार, तेही पोरासमोर, तेही जावेच्या तोंडून.

नीलेश बराच वेळ नुसता ‘हो, हो’ करत होता. मग हाक आली. “आई, घे. तुझ्याशी बोलायचंय तिला.”

तिने रिसीव्हर कानाला लावला.

“मी त्याला म्हटलं, असते ती रीत,” भवानीबाई तिकडून म्हणाल्या. “सासूबाईंच्या वेळी इकडेही होती म्हटलं, पुढे मोडली. गिऱ्हाइकाचं हे बघून घेतील.” मग जरा थांबून, आवाज उतरवून, “मालनबाई, रात्री त्याचे पाय दुखतात. उभं राहून राहून. तो सांगायचा नाही. खोबरेल कोमट करून लावा.”

“माहीत आहे मला,” मालन म्हणाली. तिला माहीत नव्हतं.

“कोजागिरीला तुम्हीच घेऊन या पुलर. दूध आटवून ठेवते.”

कोजागिरीपर्यंत नीलेश घरी राहिला. मिक्सर दुरुस्त केला, कॉलनीतल्या दोन स्कूटरी अंगणात पसरल्या, आणि या वेळी मालन त्यावरून बोलली नाही. रोज रात्री तिने तेल कोमट केलं. पहिल्या दिवशी त्याने पाय ओढून घेतले, म्हणाला तुला कसं कळलं? आईला कळतं, असं ती म्हणाली. खोट्यावर खोटं चढत गेलं, पण पाय खरोखरच दुखत होते, आणि ते हातात आले होते.

कोजागिरीला ती पुलर त्याच खणात गुंडाळून धारला घेऊन गेली. भवानीबाईंनी तो घेतला, कपाळाला लावला, आणि ओट्यावर बसलेल्या शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणाल्या, की आमच्या धाकट्या जावेकडे फार कडक आहे बाई, पौर्णिमेपर्यंत हत्याराला कुणी बोट लावत नाही. एक शब्द अडखळला नाही. मालनच्या मनात आलं, ही खोटंसुद्धा माझ्यापेक्षा सफाईने बोलते.

पुढे ती रीतच पडली. दर वर्षी दसऱ्याची पूजा आटोपली की पुलर देवासला यायचा, नीलेशही त्याच्याबरोबर यायचा, आणि कोजागिरीला दोघं परत जायचे. गिऱ्हाइकं बोंबलायची. नीलेश त्यांना सांगायचा, क्या करें भिया, हमारे यहाँ ऐसाच है.

पण त्या पहिल्या कोजागिरीची गोष्ट अजून थोडी आहे. दूध चुलीवर होतं, भवानीबाईंचे हात वेलदोड्यात होते. अंगणात ती खोळंबलेली गाडी उभी होती आणि नीलेश बॉनेटखाली वाकलेला. त्याने मागे न बघता उजेडासाठी हात हलवला. टॉर्च खिडकीत होता. मालन उठली. तिच्या मागे भवानीबाईही पदराला हात पुसत उठल्या, दारापर्यंत आल्या, मालनच्या हातात टॉर्च पाहिला, आणि दूध ऊतू जाईल म्हणत पुन्हा आत गेल्या. दूध मंद आचेवर होतं, ते ऊतू जाणार नव्हतं.

मालनने उजेड धरला.

“मोठी आई, थोडं डावीकडे,” नीलेश आतून म्हणाला.

मालनने टॉर्च डावीकडे नेला. कोण आहे ते सांगितलं नाही.